डोक्यावर कानबाई, पोटरीत कळ

तापीबाईची हाक आधी यायची, मग टोपली दिसायची, आणि टोपलीखाली तापीबाई. "भरितना वांगा, गिलका, डांगर वंऽऽ!" शहाद्याच्या निम्म्या गल्ल्यांनी ही हाक बरीच वर्षं घड्याळासारखी वापरली. हाक आली की पोरं दप्तर उचलायची, बाया चुलीवरचं दूध उतरवायच्या आणि पुरुष अंघोळीला पळायचे. भल्या पहाटे भाजीच्या लिलावात उभं राहायचं, टोपली भरायची आणि दुपार डोक्यावर येईपर्यंत गाव पायांखाली घालायचं. हा तिचा धंदाही होता आणि तोराही. एसटी एक वेळ उशिरा येईल पण तापीबाई नाही, असं लोक म्हणायचे. यात एसटीची बदनामी किती आणि तापीबाईचं कौतुक किती, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

नवरा उमाकांत जिनिंगमध्ये हमाल होता. तो कापसाच्या गाठी उचलायचा, ही वांगी उचलायची. दोघांनी मिळून मुलगी उजवली आणि राजेंद्रला शेतकीच्या पदविकेपर्यंत नेलं. राजेंद्रनंही नाव काढलं. दोंडाईचा रोडला खत, बियाणं आणि ठिबकच्या नळ्यांचं दुकान टाकलं, नव्या कॉलनीत घर बांधलं, मालाला एक पिकअप गाडी घेतली. वास्तुशांतीच्या पंगतीत त्याला जरा जास्तच भरून आलं आणि सगळ्या भाऊबंदांसमोर तो म्हणाला, "आजपाईन मन्ही माय आठे काडी बी हालावणार नही!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तापीबाईनं पदरानं डोळे पुसले.

अशी वाक्यं माणसं पंगतीत बोलतात आणि हात धुताना विसरतात. राजेंद्रचा दोष एवढाच की त्यानं वाक्य पाळलं.

नंदुरबारहून एक खुर्ची आली. मागे रेललं की पुढून आपोआप पाय उचलणारी, मऊ, तपकिरी. तापीबाईला तिच्यात बसवण्यात आलं. पाणी हवं तर सून रंजना आणणार, टीव्ही बदलायचा तर रिमोट हातात, देवळात जायचं तर गाडी दारात. घरी पाहुणा आला की राजेंद्र आधी दुकानाचं सांगायचा आणि मग खुर्चीकडे बोट दाखवायचा. पाहुणाही खुर्चीतल्या तापीबाईकडे पाहून मान डोलवायचा. असा मुलगा सगळ्यांना मिळो! तापीबाईलाही ते गोडच वाटायचं. जिनं जन्मभर दुसऱ्यांच्या ओट्यांपाशी उभं राहून वांगी मोजली, तिला बसून राहणं म्हणजे स्वर्ग. स्वर्गात करमणूक म्हणून दोनच गोष्टी होत्या, दुपारच्या मालिका आणि दातांना लावायची तपकीर. दोन्ही वाढल्या. पुढे साखर निघाली, तिची गोळी सुरू झाली.

मग एक दिवस कॉलनीच्या देवळापर्यंत पायी जाताना तिच्या डाव्या पोटरीत कुणीतरी आतून मूठ आवळली. ती थांबली. जरा वेळानं मूठ सुटली. ती चालली, पुन्हा आवळली. घरी येऊन तिनं कुणाला सांगितलं नाही. पाय हे तापीबाईचं नाक होतं. आपलं नाक खाली झाल्याचं कोण सांगेल?

ते सांगितलं कानबाईनं, आणि तेही भर रस्त्यात.

खानदेशाबाहेरच्या माणसाला कानबाई समजावणं थोडं अवघड. श्रावणातल्या रविवारी ती घरात बसते. नारळाची देवी, नाकात नथ, अंगावर दागिने, पाटावर कलश. त्या दिवशी रोट, म्हणजे भाऊबंदांनी मिळून खायचा गव्हाच्या पिठाचा नैवेद्य, होतो, सगळे जमतात, रात्र जागते. आणि सोमवारी सकाळी घरातली थोरली सून देवीचा पाट डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीवर निघते. तापीबाई थोरली सून. लग्न झाल्यापासून सासूच्या मागोमाग चालली, सासू थकल्यावर पाट तिच्या डोक्यावर आला आणि तो तिथेच राहिला. टोपली पेलणाऱ्या मानेला पाटाचं काय ओझं? बाकीच्या घरच्या कानबाया वाटेत डुगडुगायच्या, तापीबाईची अशी जायची की नथीचा मोतीही हलू नये.

गेल्या श्रावणात पाट घेऊन ती निघाली आणि कॉलनीच्या कोपऱ्यावरच पोटरी अडली. ती तशीच रेटत चार घरं पुढे गेली आणि मग मटकन खाली बसली. पाट जावेनं झेलला म्हणून वाचला. राजेंद्र घाबरला. घाबरलेला मुलगा करतो तेच त्यानं केलं, गाडी काढली. पिकअपच्या मागच्या हौद्यात, युरियाच्या चार गोण्या बाजूला सारून, माय आणि मायच्या मांडीवर कानबाई अशी वरात गोमाई नदीवर पोचली.

"यंदा कानबाई खतनी गाडीवर गयी वं बई," जाऊ अनुसयाबाई संध्याकाळी हसत म्हणाली. वाईट मनानं नाही. पण शहाद्यात हसलेलं वाक्य रडलेल्या वाक्यापेक्षा लांब जातं. मग रोट संपवताना कुणीतरी सहज बोललं, पुढच्या वर्षी पाट रंजनाच्या डोक्यावर द्या, आता तापीबाईनं आराम करावा.

रंजनावर तापीबाईचा राग नव्हता. सून गुणी होती, एक दिवस पाट तिलाच द्यायचा होता. पण त्या रात्री तापीबाई नवऱ्याला म्हणाली, "आवो, पाट मी दिसू. मन्हा हाते, मन्ही मर्जीतीन. मन्ही पोटरी कोन शे ठरावनारी?"

उमाकांत झोपेत होता. पण चाळीस वर्षांच्या सवयीनं "हाव" म्हणाला.

संक्रांत झाल्यावर राजेंद्रनं तिला गावातल्या नव्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर दिग्विजय कोल्हापूरकडचे, तरुण, बोलायला मोकळे. त्यांनी दंडाला पट्टा बांधून प्रेशर बघितलं, ते ठीक. मग तोच पट्टा घोट्याच्या वर बांधला तेव्हा तापीबाई दचकली.

"आवो डाक्टरसाहेब, पायले बी प्रेशर ऱ्हास का?"

"असतं की. हातात आणि पायात साधारण सारखं पाहिजे. तुमच्या डाव्या पायात बरंच कमी आहे. म्हणजे रक्त खाली पुरेसं पोचत नाही." त्यांनी कागदावर एक रेघ काढली आणि मध्ये दोन्ही बाजूंनी चिमटवली. "ही पायाकडे जाणारी रक्तवाहिनी. साखर, तंबाखू, वय आणि बैठक, सगळ्यांनी मिळून आतून अरुंद केली. बसलेलं असताना एवढ्या रक्तावर भागतं. चालायला लागलं की पोटरी म्हणते आणखी पाठवा, आणि वाट तर चिंचोळी. मग ती ओरडते."

"मंग हाई दुखनं नही, भूक शे," तापीबाई म्हणाली.

डॉक्टर खूश झाले. तपकीर बंद करायला सांगितली, साखरेच्या गोळीशिवाय आणखी दोन गोळ्या दिल्या, आणि पुढच्या वाक्यात खास शहाद्याच्या बोलीतले दोन शब्द घातले, 'आराम पडला'. नव्या गावात येऊन शिकलेले ते त्यांचे आवडते शब्द होते. "रोज चालायचं. चांगलं दुखेपर्यंत. दुखलं की थांबायचं, आराम पडला की परत चालायचं."

आता 'आराम' हा शब्द आपल्याकडे एका पगारात दोन नोकऱ्या करतो. आराम करणं म्हणजे पडून राहणं. आणि आराम पडणं म्हणजे दुखणं कमी होणं. ताप उतरला की लोक विचारतात, "आराम पडना का?" डॉक्टरांना हे ठाऊक होतं, म्हणून तर त्यांनी वापरला. पण राजेंद्र तेव्हा दाराशी मोबाईलवर एका गिऱ्हाइकाला व्हॉल्व्हचा भाव सांगत होता. त्याच्या कानात डॉक्टरांच्या अख्ख्या बोलण्यातले दोनच तुकडे पडले, 'दुखलं की थांबायचं' आणि 'आराम'. तेवढ्यात त्याचं सगळं समाधान झालं.

घरी आल्यावर त्यानं जाहीर केलं, "डाक्टरनी आराम सांगेल शे." खुर्चीत एक उशी वाढली. पायाखाली छोटा स्टूल आला. देवळातला देव तेवढा यायचा राहिला. तापीबाईला वाटलं होतं की डॉक्टर चाला म्हणाले. पण मुलगा शिकलेला, इंग्रजी गोळ्यांची नावं वाचणारा. आपणच चुकीचं ऐकलं असेल. शिवाय खुर्चीलाही तिची सवय झालीच होती.

शिवरात्रीनंतर परत दाखवायला गेले, या वेळी उमाकांतही बरोबर होता.

"काय मावशी, कसं काय?"

"आराम शे," तापीबाई हसून म्हणाली.

डॉक्टरांचा चेहरा उजळला. "वा! आराम पडला म्हणा!" त्यांनी पट्टा बांधला, मोजलं, कपाळाला आठी आली. पुन्हा मोजलं. मग तिला बाहेरच्या पडवीत चालायला लावलं. ती दुसऱ्या फेरीतच भिंतीला हात टेकून उभी राहिली.

"मावशी, रोज किती चालता?"

"चालू कसाले? तुम्हीच तं आराम सांगेल शे."

"मी? मी सांगितलं?"

"हाव. म्हनीसन तं म्हनी ऱ्हायनू, आराम शे. दिनभर आरामच शे."

डॉक्टरांनी राजेंद्रकडे बघितलं, राजेंद्रनं बापाकडे, आणि उमाकांतनं पंख्याकडे. शेवटी उमाकांतच पंख्याला उद्देशून म्हणाला, "डाक्टरसाहेब, तुम्ही तुमनी कोल्हापुरी बोला. ती तरी समजस."

डॉक्टर हसले, पण मग गंभीर झाले. पुन्हा कागद घेतला. "नीट ऐका. तुम्ही बसून राहता तेव्हा पायातलं रक्त रेंगाळत जातं. रक्तवाहिनीला आतून एक नाजूक अस्तर असतं. रक्त जोरानं वाहिलं की ते अस्तर मऊ राहतं, वाहिनी हवी तेव्हा फुलते. नुसतं बसलं की ते कडक होत जातं, तरण्या माणसाचंसुद्धा. आणि चाललं, अगदी दुखेपर्यंत चाललं, की शरीराला कळतं इथे रक्त कमी पडतंय, मग ते बाजूच्या बारक्या वाटा रुंद करायला घेतं. हे काम गोळी करत नाही, पायालाच करावं लागतं. उन्हाळाभर करा. नाहीच जमलं तर नाशिकला पाठवीन, आतून वाट मोकळी करता येते. पण आधी चाला. मात्र बसल्या जागी दुखायला लागलं, पाय गार पडला किंवा जखम झाली, तर त्याच दिवशी इकडे."

"श्रावणलोक व्हई का?" तापीबाईनं विचारलं.

"श्रावणापर्यंत? श्रावणात काय आहे?"

"कानबाई शे. डोकावर लई जानं शे, नदीलोक."

डॉक्टरांना कानबाई माहीत नव्हती. त्यांनी विचार करून खरं तेच सांगितलं, "होईल असं वचन देत नाही. पण चालला नाहीत तर होणार नाही, हे लिहून देतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी तापीबाई चप्पल घालून निघाली आणि तिच्या लक्षात आलं की शहाद्यात चालणं सोपं आहे, थांबणं अवघड.

भाजी विकत असताना थांबायला कारण होतं. आता टोपली नव्हती. साठीची बाई रस्त्यात मध्येच उभी राहते, एका पायावर भार देते, दूर कुठेतरी बघते, याचा अर्थ गावानं काय लावायचा? ती एका साडीच्या दुकानासमोर थांबली तर पोरानं तीन साड्या उलगडल्या. एका अनोळखी दारासमोर थांबली तर आतून पाण्याचा तांब्या आला आणि मागोमाग प्रश्न, "कोना घर उन्यात?" त्या घरात लग्नाची मुलगी होती. तापीबाई तिथे तीन सकाळी थांबली, तेव्हा तिच्या माहेरी कोण मुलगा आहे याची चौकशी सुरू झाली. चौथ्या सकाळी तिनं दात आवळून ते घर मागे टाकलं. डॉक्टरांना कळलं असतं तर त्यांनी अशा मुली रस्त्यात जागोजागी उभ्या केल्या असत्या.

त्याहून त्रास मोटारसायकलींचा. दर थांब्याला एक ब्रेक करकचायचा. "बठ मावशी, सोडी देस." नाही म्हटलं की माणसाला अपमान वाटायचा.

जुन्या गिऱ्हाइकांपैकी नईमाबी मशिदीच्या गल्लीत राहायची. तिनं पहिल्याच दिवशी ओट्यावर स्टूल टाकला. "आओ तापीबाई, बैठो. इतने साल तुम खडी रही, मैं बैठी थी."

"बठानंच नही म्हनतस वं. उभी ऱ्हाईसन थांबनू तरी चालस, पन बठनू की मन्हं काही खरं नही. मी आठेच ऱ्हासू."

"तो मैं भी खडी रहती," म्हणून नईमाबी ओटा उतरून आली. तिचे गुडघे तिला शिव्या देत होते. दोघी ताठ उभ्या राहून पाच मिनिटं सुनांची नालस्ती करायच्या, तेवढ्यात पोटरी सैल व्हायची. औषध म्हणून ते वाईट नव्हतं.

पण खरा घाव राजेंद्रला बसत होता. दुकानात माणसं यायची, बियाणं घ्यायची आणि जाताना विचारायची, "राजूभो, तुन्ही माय पायी फिरी ऱ्हायनी. घर काही व्हयनं का?" एकानं तर गाडी बंद पडली असेल तर आपला मेकॅनिक देऊ केला. ज्या मुलानं भर पंगतीत शब्द दिला, त्याची माय उन्हातान्हात रस्त्यावर उभी! एका रात्री त्यानं जेवणाचं ताट पुढे सरकवलं.

"माय, तुले चालनं शे तं घरमा चाल. गच्चीवर चाल. लोके काय म्हनतीन?"

"गच्चीवर काय, कबूतर शे का मी?"

"मी मशीन लयी देस. पट्टा फिरस, त्यावर चाल. घरना घर."

"पट्टा फिरस आनि मी तठेच? इतला पैसा दिसन जागावरच ऱ्हावानं?"

"माय, मन्ही इज्जत शे ना काही!"

मुलाच्या इज्जतीपुढे तापीबाईनं जन्मभर कशालाच जागा दिली नव्हती. पुढचे काही दिवस ती गेली नाही. पोटरीनं ते लगेच ओळखलं. चैत्र उतरणीला लागला होता, गाव तापायला लागलं होतं, आणि लांब ढकललेली मूठ पुन्हा देवळाच्या अलीकडे येऊन बसली. तापीबाई खुर्चीत बसली की तिला श्रावण दिसायचा आणि त्यात पाट रंजनाच्या डोक्यावर असायचा. रंजनालाही दिसत असावा. कारण एके सकाळी तिनंच चप्पल आणून सासूच्या पायाशी ठेवली.

"आत्या, जावा तुम्ही. माले इतल्यामा पाट नको. मन्ही मान दुखस."

तिची मान ठणठणीत होती. तापीबाईनं सुनेकडे नीट बघितलं आणि निघाली ती थेट दोंडाईचा रोडला. वाटेत किती वेळा थांबली ते तिलाच माहीत. दुकानाशी पोचली तेव्हा पोटरी पेटली होती. ती शटरला धरून बाहेरच उभी राहिली. आत राजेंद्र एका शेतकऱ्याला झापत होता. शेतकऱ्यानं केळीच्या बागेतल्या ठिबकच्या नळ्यांची वेटोळी आणून टाकली होती.

"नळी खराब निघनी म्हनस? किती दिन बंद ठेवी व्हती?"

"केळी काढी लिधी, मंग पडी व्हती बांधवर."

"पडीच ठेवशी तं बसीच जाई ना! भो, नळीले पानी फिरतं लागस. वापरी तं टिकी. तिले आराम देशी तं ती मरी!"

शटरजवळून आवाज आला, "राजू, हाई नळी बी पाही ले रे. पाच साल बांधवर पडेल शे."

शेतकऱ्यानं वळून बघितलं. राजेंद्रनंही. मायचा चेहरा घामानं डबडबलेला, एक पाय टेकलेला, आणि डोळ्यांत वांग्याचा भाव पाडून मागणाऱ्या बाईकडे बघताना असायची ती चमक. राजेंद्रच्या हातातली नळी हातातच राहिली. त्याच्या बुद्धीचा दोष नव्हता. पदविकेत ठिबक होतं, माय नव्हती.

तो खुर्ची आणायला वळला. मग थांबला. मग बाहेर आला आणि तिच्या शेजारी उभा राहिला, तिचं दुखणं ओसरेपर्यंत.

"आते?" त्यानं विचारलं.

"आते घर. पायी."

"मी येस."

"दुकान कोन पाही?"

"हाऊ पाही," राजेंद्र त्या शेतकऱ्याकडे बोट दाखवून म्हणाला, आणि शेतकऱ्यानं खरंच गल्ल्यावर बसून दोन गिऱ्हाइकं केली.

त्यानंतर कुणी विचारलं की राजेंद्र सांगायचा, "माय ट्रेनिंग करी ऱ्हायनी." कशाचं ते सांगायचा नाही. त्यामुळे गावाचा तर्क पोलीस भरतीपर्यंत गेला.

उन्हाळा शहाद्याचा. ऊन पडायच्या आत फिरून यायचं, नाहीतर नाही. तापीबाई झुंजूमुंजू होताना निघायची. तपकिरीची डबी पहिल्यांदा लपवली, मग दिली, मग परत मागितली, आणि शेवटी वैशाखात एकदाची नाल्यात टाकली. खुर्ची सोडणं त्यापुढे काहीच नव्हतं, असं ती आजही सांगते. मूठ हळूहळू लांब सरकत गेली. देवळाच्या अलीकडून पलीकडे, मग नईमाबीच्या गल्लीपर्यंत, मग भाजी बाजारापर्यंत. बाजारात ती पोचली त्या दिवशी लिलाव चालू होता. तिनं सवयीनं एक वांगं उचललं, दाबून पाहिलं आणि खाली ठेवत म्हणाली, "शिळं." विकणाऱ्यानं मान वर न करताच ओळखलं.

आषाढात डॉक्टरांनी पुन्हा पायाला पट्टा बांधला. आकडा जवळजवळ होता तिथेच. तापीबाईचं तोंड पडलं.

"मंग इतलं चालनू ते वाया गयं?"

"चला, बाहेर चला," डॉक्टर म्हणाले. पडवीत तिला चालायला लावलं आणि स्वतः घड्याळ घेऊन उभे राहिले. ती चालत राहिली. मागच्या वेळी जिथे भिंत धरली होती तिथून किती वेळा गेली. बाहेर बसलेले पेशंट वैतागून बघायला लागले, मग कौतुकानं. शेवटी डॉक्टरच म्हणाले, "पुरे!"

"आकडा मोठ्या वाटेचा आहे मावशी," ते सांगू लागले, "तुंबलेलं चालून वाहून जात नाही. पण बारक्या वाटा कामाला लागल्या. पोटरीही येईल तेवढ्या रक्तात भागवायला शिकली. आणि हे फक्त पायाचं नाही, हृदयाला जाणाऱ्या, डोक्याला जाणाऱ्या, सगळ्याच वाहिन्यांना याचा फायदा. नाशिकला सध्या जायचं नाही. आता चालणं सोडायचं मात्र नाही, श्रावण झाल्यावरही."

श्रावणातला तो सोमवार उजाडला. रात्रभर सरी पडून गेल्या होत्या, रस्ते ओले होते. दारात ताशा लागला. अनुसयाबाईनं रंजनाकडे बघितलं, रंजनानं आत्याकडे. तापीबाई पाटापुढे बसली, चुंबळ डोक्यावर ठेवली आणि म्हणाली, "ठेवा."

उमाकांत आणि राजेंद्रनं पाट उचलून तिच्या डोक्यावर ठेवला. ती उठली. गुडघे वाजले. मान हलली नाही.

कोपरा गेला. गेल्या वर्षीची ती चार घरं गेली. देऊळ गेलं. गावातल्या दुसऱ्या कानबाया वाटेत येऊन मिळाल्या, गर्दी वाढली, ताशा तापला. पण डोक्यावर पाट घेऊन चालणं आणि मोकळं चालणं यात फरक आहे. चौकाच्या अलीकडेच मूठ आवळली. तापीबाईनं ठरवलं होतं तेच केलं, जागच्या जागी थांबली. डोळे मिटले, दात आवळले, पाटाला दोन्ही हात लावले.

मिरवणुकीत पाट डोक्यावर घेतलेली बाई अशी मध्येच खिळून उभी राहिली, डोळे मिटले, चेहऱ्यावर ताण आला, तर शहाद्यात त्याचा एकच अर्थ होतो.

"वारं उनं वं! तापीबाईना आंगमा उनी!"

ताशा दुप्पट झाला. एका बाईनं पायांवर तांब्याभर पाणी ओतलं, दुसरीनं कुंकू लावलं. एकीनं पायांवर डोकं ठेवून मुलाचं विचारलं, "माय, मन्हा आंडोरले नोकरी कवय लागी?" राजेंद्र गर्दीतून वाट काढत पुढे येऊ लागला. त्याचे हात आपोआप पाटाकडे गेले. त्याला मायचा चेहरा माहीत होता, हे वारं नव्हतं. पण हात लावायचा तरी कसा? देवी अंगात असेल तर पाप, नसेल तर मायचा अपमान. तो तिच्यापासून हातभर अंतरावर उभा राहिला, दोन्ही हात हवेत, आणि वाट बघू लागला. एवढा वेळ काही न करता उभं राहणं त्यानं जन्मात केलं नव्हतं.

पायाशी वाकलेल्या बाईनं पुन्हा विचारलं, "सांग ना माय, कवय लागी?"

तापीबाईनं डोळे उघडले. "वारं नही शे वं बई, पोटरी शे. आंडोरले सांग, घर बसू नको, मंग लागी."

क्षणभर ताशावाल्याचीही काठी चुकली. मग अनुसयाबाई हसायला लागली. तिच्या मागून बाया हसल्या, कुंकू लावणारी हसली, आणि नोकरीचं विचारणारी मात्र हात जोडून म्हणाली, "हाव माय," कारण उत्तर तिला पटलं होतं.

मूठ सुटली. तापीबाई चालू लागली. मिरवणूक तिच्या मागून.

पुढच्या वेळी ती थांबली तेव्हा कुणी काही ओरडलं नाही. अनुसयाबाईनं हात वर केला आणि ताशा थांबला. बाया थांबल्या. एवढी मोठी मिरवणूक ओल्या रस्त्यात शांत उभी राहिली, एका पोटरीच्या भुकेसाठी. मागून कुणीतरी नवा माणूस अधीर होऊन विचारत होता, "काय व्हयनं, कसाले थांबनात?" आणि राजेंद्रचा आवाज आला. तो वास्तुशांतीत नव्हता एवढा मोठा होता.

"मन्ही माय शे तठे पुढे. ती चाली, मंग चालजो."

गोमाईला पाणी चांगलं होतं, गढूळ आणि वेगाचं. तापीबाई घोट्यापर्यंत पाण्यात गेली. पाट स्वतःच्या हातांनी उतरवला, देवीची ओटी भरली, नारळाला पाण्याचा स्पर्श केला आणि तिला निरोप दिला. रिवाजाप्रमाणे घरी न्यायला मूठभर वाळू पदरात घेतली. मग वळून काठाची चढण बघितली. येताना उतार होता, हे तिच्या आताच लक्षात आलं.

"राजूनी माय, बठ जराशी. इतली घाई काय शे?" उमाकांत म्हणाला.

"तुम्ही बठा. तुम्ही काय करं आज?"

ती चढू लागली. अर्ध्या चढणीवर थांबली, पदरातली वाळू घट्ट धरून. तिच्या पुढे गेलेल्या बायाही थांबल्या आणि मागच्याही. रंजना रिकामा पाट घेऊन तिच्या बरोबरीनं उभी राहिली, अनुसयाबाई कमरेवर हात ठेवून दम खाऊ लागली. कुणालाच घाई नव्हती. मग तापीबाईनं पाय उचलला आणि सगळा काठ चढायला लागला.